काकूंचं 'हं' आणि सरांच्या हाताची घडी

वाचकाचं पत्र:

ताई, मी उदगीरची. वय २६. दिवाळीनंतर पुण्यात आले. कर्वे रोडवरच्या एका बँकेच्या शाखेत नोकरी करते आणि सदाशिव पेठेत एका काकूंच्या घरी वरची खोली भाड्याने घेऊन राहते. सुरुवातीला काकू फार छान वागायच्या. माझी चाहूल लागली की दार पूर्ण उघडून चार शब्द बोलायच्या. मार्चपासून सगळं बदललं. रोज संध्याकाळी गाडी लावून जिना चढता चढता मी 'काकू, आले हो' म्हणते, बऱ्याचदा तोंडावरचा स्कार्फही सोडलेला नसतो. त्या अर्धंच दार उघडतात, कडीवरचा हात काढत नाहीत, 'हं' म्हणतात आणि आत जातात. आत टीव्ही इतका मोठ्याने चालू असतो की वरच्या खोलीत मला सगळी मालिका ऐकू येते, पण माझ्याशी दोन वाक्यं बोलायला त्यांना वेळ नसतो. भाडं मी एक दिवसही चुकवलेलं नाही.

शाखेतही तेच. मी बोलायला लागले की मॅनेजर सर हाताची घडी घालतात, नाहीतर स्क्रीनकडे बघत राहतात. जेवायला टेबलावर जाऊन बसले की चाललेलं बोलणं थांबतं. म्हणून मी देहबोलीवरचे व्हिडिओ बघायला लागले. त्यात सांगतात की ९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होतो, नाकाला हात लावणारा खोटं बोलत असतो, घडी घालणाऱ्याने मनाचं दार लावलेलं असतं, पावलं दाराकडे वळलेली असली तर त्याला आपल्यापासून सुटका हवी असते. मी मोबाइलमध्ये रोज नोंदी ठेवते. आता कुणी बोलत असलं की त्याचं बोलणं कानात शिरतच नाही, नुसते हातपाय दिसतात. स्वतःचे हात कुठे ठेवायचे तेही कळेनासं झालंय. फोनवर आई हल्ली थांबून थांबून बोलते, तिलाही माझ्यापासून काही लपवायचंय का, असं वाटतं. माणसं अचूक वाचायला कसं शिकायचं? त्यासाठी एखादा कोर्स आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर:

कोर्सला पैसे घालू नकोस. तुझी नजर कमी पडत नाहीये. तुझ्या पत्रात इतके बारकावे आहेत की त्यांच्यावरूनच मला काकूंबद्दल एक वेगळी शंका आली. ती शेवटी सांगते, कारण तिला जरा वेळ द्यायला हवा. घोळ होतोय तो दुसरीकडे. माणसं शब्दांशिवाय जे बोलतात त्यात दोन वेगवेगळ्या जातीच्या खुणा असतात, आणि त्या व्हिडिओंनी तुझ्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ करून टाकली आहे.

पहिल्या जातीच्या खुणा ठरलेल्या असतात. पंगतीत वाढपी आला आणि आपण ताटावर आडवा हात धरला की त्याला कळतं, पुरे. एसटीत कंडक्टरने एकदा घंटी मारली की थांब, दोनदा मारली की चल. हनुवटी किंचित वर करून जिभेने 'च्' केलं की नाही. निघताना यजमानीण कुंकवाची कोयरी घेऊन आली की बैठक संपली, हे कुणी तोंडाने सांगत नाही आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नाही. या खुणांचा अर्थ सगळ्यांनी मिळून ठरवलेला असतो, म्हणून तो पाठ करता येतो. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६९ साली हातवाऱ्यांची वर्गवारी केली, तेव्हा अशा खुणांचा गट मुद्दाम वेगळा काढला. शब्दासारखाच त्यांचा अर्थ सांगता येतो, आणि शब्दासारखाच तो समाजागणिक बदलतो.

ठरलेली खूणसुद्धा किती फसवते याचं उदाहरण तुला पुण्याच्या रस्त्यावर रोज दिसेल. तू दुपारी गाडीवरून चालली आहेस आणि समोरून येणारे एखादे काका तुझ्याकडे बघून हाताची बोटं भराभर मिटतात-उघडतात. अर्थ असा की तुझा दिवा चालू राहिलाय, बंद कर. ही खूण जुनी आहे आणि तिच्यात निव्वळ काळजी आहे, बॅटरी उतरू नये म्हणून. पण १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत चालूच राहतो. तो बंद करायला बटणच नसतं. खूण मात्र राहिली. नव्याने गाडी शिकलेल्या मुलीला वाटतं, हा माणूस हातवारे का करतोय, माझी काही चूक झाली का, की छेड काढतोय? काकांच्या मनात यातलं काहीच नसतं. हात खरा, हेतूही चांगला, तरीही समोरच्याला भलतंच पोचतं. आणि ही तर अर्थ ठरलेली खूण!

दुसऱ्या जातीच्या खुणांचं तर विचारूच नकोस. आवाज बसणं, चेहरा उतरणं, हात थरथरणं, नजर चुकवणं, दारात घुटमळणं. यांचा अर्थ कुणीच ठरवलेला नाही. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे थिजणं, घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज फुटणं, कापरं भरणं, रंग उडणं, डोळे भरून येणं, शुद्ध हरपणं. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. या भावांची कारणं सांगताना भरतमुनी एका भावाला एकच कारण देत नाहीत. घाम रागानेही येतो, भीतीनेही, आनंदानेही, लाजेनेही, दुःखाने, श्रमाने, आजाराने आणि उन्हानेही. नटाने घाम पुसून दाखवला तर प्रेक्षकाला तो कशाचा हे कळतं, कारण प्रेक्षकाने मागचा सगळा प्रसंग पाहिलेला असतो. तुला काकूंचा मागचा प्रसंग माहीत नाही. सरांचा तर अजिबातच नाही. अशी खूण एवढंच सांगते की काहीतरी आहे. काय आहे ते तिच्यात लिहिलेलं नसतं.

आता तो ९३ टक्क्यांचा आकडा. हा कुठून आला ते सांगते, म्हणजे तो तुझ्या मानगुटीवरून उतरेल. १९६७ साली अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग केले. लोकांना एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवला, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले, आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, काय वाटतं? त्यातून शब्द ७, सूर ३८ आणि चेहरा ५५ टक्के असं गणित मांडलं गेलं. हे गणित फक्त आवड-नावड व्यक्त करण्यापुरतं आहे, आणि त्यातही शब्द एक सांगत असेल आणि सूर दुसरंच, तेव्हापुरतं. सगळ्या संवादाला ते लागू होत नाही, हे खुद्द मेहरेबियन यांनी स्पष्ट केलेलं आहे. तूच विचार कर. उद्या तुझ्या काउंटरवर फक्त तमिळ बोलणारे एक आजोबा आले आणि आपल्या मुदत ठेवीची तक्रार सांगू लागले, तर त्यांचा चेहरा बघून तुला ९३ टक्के तक्रार कळेल का? ते चिडलेत की रडकुंडीला आलेत एवढं कळेल. ठेव कितीची, मुदत कधी संपली, व्याज कुठे जमा झालं नाही, यातलं अक्षरही कळणार नाही.

खोटं पकडण्याचंही तसंच. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र केले. २४ हजारांहून अधिक लोकांनी समोरचा खरं बोलतोय की खोटं हे ओळखायचा प्रयत्न केला होता. बरोबर उत्तरं सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० आली असती. तेव्हा नाकाला हात लावला म्हणून कुणालाही खोटारडं ठरवू नकोस. पुण्यात धूळ कमी नाही.

आणि हाताची घडी! अगं, तू मराठी शाळेत शिकलीस ना? 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे तुझ्या बाईंनीही सांगितलं असेलच. तुझ्या सरांच्या वयाचा माणूस वर्षानुवर्षं घडी घालूनच ऐकायला शिकला. आपल्याकडे घडी म्हणजे लक्ष आहे, मी शांत आहे. मनाचं दार लावल्याचा अर्थ परदेशी तक्त्यातून आला. नजरेचंही असंच आहे. मोठ्यांशी बोलताना डोळे जरा खाली ठेवावेत ही आपल्या अनेक घरांतली शिस्त, आणि हिंजवडीतल्या मुलाखतीत तीच मुलगी डोळ्याला डोळा देत नाही म्हणून आत्मविश्वासात कमी ठरते. दोन्हीकडे मुलगी तीच. सरांच्या घडीबद्दल मला तर पहिली शंका शाखेतल्या एसीचीच येते.

मग माणसं एकमेकांना वाचतच नाहीत का? वाचतात, आणि फार सुंदर वाचतात. सवाई गंधर्व महोत्सवाला एकदा तरी जाऊन बस. १९५३ पासून पुण्यात चाललेला हा उत्सव आहे. गाण्याबरोबर थोडा वेळ मंचावरच्या माणसांच्या नजरा बघ. गायक डोळे मिटून गातोय, मांडीवरची बोटं किंचित चढत्या गतीने हलू लागली की तबलजी लय वाढवतो. गायकाने मान अर्धवट वळवली की मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य पुढचा स्वर उचलतो. समेवर शेकडो माना एकदम हलतात. तबलजीने हे कुठल्या तक्त्यावरून शिकलेलं नसतं. गाण्याची चौकट दोघांना ठाऊक असते, आणि हा गायक लय वाढवण्याआधी काय करतो हे त्याने सोबत बसून बसून ओळखलेलं असतं. दुसरा गायक तीच बोटं नुसती सवयीने हलवत असेल.

म्हणून माणसाची तुलना तक्त्याशी करू नकोस, त्याच्या स्वतःच्या कालच्या वागण्याशी कर. तुझ्या सगळ्या नोंदींमध्ये मला एकच नोंद खरी दखल घेण्याजोगी वाटली: काकू आधी दार पूर्ण उघडायच्या, आता अर्धं उघडतात. हा बदल आहे. सरांच्या घडीबद्दल तू हे सांगितलेलं नाहीस, की ते इतरांशी बोलताना काय करतात. एक आठवडा तेवढंच बघ. तुझ्या शेजारच्या काउंटरवरचा सहकारी बोलायला जातो तेव्हाही घडी असते का, तेव्हाही नजर स्क्रीनवर असते का? असेल, तर ती त्यांची बसायची पद्धत आहे, तुझा त्याच्याशी संबंध नाही. शाखेत दुपारनंतर रोकड जुळवायच्या गडबडीत कुणाचं डोकं जागेवर असतं हे तुला मी सांगायला नको. केबिनच्या दारात उभी राहून थेट विषय काढू नकोस. 'सर, दोन मिनिटं आहेत का, की नंतर येऊ?' असं विचार आणि त्यांचा हात माउसवरून उठेपर्यंत थांब. नंतर ये म्हणाले तर वाईट वाटून न घेता नंतर जा.

पण इथे एक गोष्ट अगदी ठामपणे सांगायची आहे. तू खुणांचे चुकीचे अर्थ लावते आहेस असं मी म्हणते, म्हणून तुला जाणवलेलं सगळंच चूक आहे असं समजू नकोस. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसांमधल्या अंतराचे टप्पे मांडले. अगदी जवळच्यांसाठी साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंत, मित्रमंडळींसाठी साधारण सव्वा मीटरपर्यंत, कामाच्या माणसांसाठी त्याच्या पुढे. ती मापं मुख्यतः मध्यमवर्गीय अमेरिकी माणसांची. संध्याकाळी सहाच्या पीएमपीएमएल बसमध्ये ती कुठे राहणार? पण त्याच गच्च बसमध्ये गर्दीचा धक्का कुठला आणि मुद्दाम लावलेलं अंग कुठलं, हे प्रत्येक बाईला कळतं. तिथे तक्ता लागत नाही. कुणी विनाकारण जवळ सरकत असेल, बोलताना खांद्यावर हात ठेवत असेल, नजर चेहऱ्यावर न ठेवता भलतीकडे फिरवत असेल, आणि तुला ते नको असेल, तर त्याला समजून घेण्याची कसलीही जबाबदारी तुझी नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शारीरिक आणि शाब्दिक वागणुकीबरोबर शब्दांविना केलेली नकोशी लैंगिक वागणूकही स्पष्टपणे धरलेली आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यासाठी अंतर्गत समिती असावी लागते. तुझ्या पत्रात तसं काही नाही, हे वाचून मला बरं वाटलं. तरी हे माहीत असू दे.

जेवणाच्या टेबलाचं थोडक्यात. नवं माणूस येऊन बसलं की बोलणं थांबतंच. अर्ध्यावर आलेली गोष्ट त्या माणसाला कळणार नसते, म्हणून सगळे क्षणभर गप्प होतात. त्या थांबण्यावर काही ठरवू नकोस, त्यानंतरच्या मिनिटात काय होतं ते बघ. अमृततुल्यच्या बाहेर चहा पिणाऱ्या घोळक्याकडे बघितलंस तर कळेल. ओळखीचा कुणी आला की कुणी काही न बोलता एक पाऊल मागे सरकतो, गोल मोठा होतो आणि आलेला त्यात मावतो. नको असलेल्या माणसाला तो गोल तसाच पाठमोरा राहतो. तुझ्या टेबलावर खुर्ची सरकते का? कुणी आपला डबा जरा बाजूला घेऊन तुझ्या डब्याला जागा करतं का? लोणच्याची बाटली तुझ्याकडे येते का? होत असेल, तर तुला जागा आहे. मग बोलणं थांबलेलं असताना तू हळूच 'काय चाललं होतं?' एवढं विचार. गप्प बसून त्यांचे हात बघत राहिलीस तर त्यांनाही ते जाणवतं, आणि चेहरा पाडून बसलेल्या मुलीसमोर काय बोलावं हे त्यांनाही सुचत नाही.

आईचं ऐक. बोलण्यातल्या थांबण्याला खरोखर अर्थ असतो. २००९ साली जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, आणि होकार लवकर येतो, नकार जरा रेंगाळतो, असं त्यात दिसलं. 'शनिवारी माझ्याऐवजी येशील का?' असं सहकाऱ्याला विचारल्यावर तो थांबून 'बघतो' म्हणाला तर दुसरं कुणीतरी शोध. हे आपण सगळे न शिकताच ओळखतो. पण फोनवर ही ओळख फसते. नेटवर्क खराब असलं की आवाज उशिरा पोचतो, त्या उशिराचा हिशोब आपण माणसाच्या नावावर मांडतो, आणि मायलेकींमध्ये उगाच एक अढी बसते. आईला विचार, 'माझा आवाज तुटतोय का गं?' ती म्हणेल, हो, कधीपासून. नाही म्हणाली, तर सुट्टीत घरी जाऊन तिच्याजवळ बस आणि काय झालंय ते विचार.

तुझ्या हातांबद्दल: त्यांना मोकळं सोड. बोलताना हात हलतात ते फक्त समोरच्याला दाखवण्यासाठी नाही. जन्मापासून ज्यांना दिसत नाही अशी मुलं बोलताना हात हलवतात, समोर ऐकणाराही अंध आहे हे माहीत असताना हलवतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दिसलं. ज्यांनी आयुष्यात कुणाचेही हातवारे पाहिलेले नाहीत त्यांचेही हात चालतात, म्हणजे बोलणाऱ्याला स्वतःलाही विचार करताना त्यांची मदत होत असणार. ते दाबून टेबलाखाली ठेवलेस तर शब्दही अडखळतील. तुझं तेच झालंय. मोबाइलमधल्या नोंदींमध्ये अर्थ लिहिणं आजपासून बंद कर. लिहायचंच असेल तर दिसलं तेवढं लिही, 'सरांनी घडी घातली'. पुढची जागा कोरी राहू दे.

आता काकू.

तू लिहिलेल्या गोष्टी मी एकापुढे एक ठेवते. टीव्हीचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत. तू जिन्यातून बोलतेस, म्हणजे समोर उभी नसतेस. तोंडावर स्कार्फ. बदल मार्चमधला, म्हणजे ऊन चढायला लागलं आणि पुण्यातल्या तमाम मुलींचे चेहरे डोळ्यांपुरते उरले तेव्हाचा. आणि तुझ्या वाक्याला काकूंचं उत्तर 'हं'. मला वाटतं, काकूंना तू काय म्हणतेस ते नीट ऐकू येत नाहीये.

वयोमानाने ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा आधी बारीक, उंच सूर जातात. स, श, फ, त अशी व्यंजनं पुसट होतात आणि स्वर ऐकू येत राहतात. माणूस म्हणतो, आवाज येतो पण बोललेलं उमगत नाही. अशी माणसं नकळत ओठांकडे बघून उरलेलं भरून काढतात. स्कार्फ ओठ झाकतो आणि उरलेसुरले बारीक सूरही अडवतो. हिवाळ्यात तू मोकळ्या चेहऱ्याने दारात उभी राहून बोलत होतीस, तेव्हा त्यांना अर्धं ऐकून आणि अर्धं बघून सगळं कळत असावं. आता जिन्याच्या अंधारातून एक झाकलेला चेहरा काहीतरी पुटपुटतो. 'काय म्हणालीस?' असं दरवेळी विचारायला त्यांना कानकोंडं होत असेल, म्हणून 'हं' म्हणून त्या सुटका करून घेतात. कडीवरचा हात तुला अडवायलाच आहे असं कशावरून? गुडघे दुखणारी बाई उभं राहताना काहीतरी धरते.

मी हे दुरून लिहिते आहे, तेव्हा माझी शंका चूकही असू शकते. काकूंना एखादी गोष्ट खरंच खटकली असेल. पेठेतल्या जुन्या घरांत जिन्याचा आवाज, पाण्याची मोटर, फाटकात आडवी लावलेली गाडी यांवरून मनं दुखावतात आणि तोंडावर कुणी काही बोलत नाही. उदगीरला तू शेजारच्या घरी 'आहात का?' म्हणत थेट स्वयंपाकघरापर्यंत जात असशील, इथे दारात थांबायची रीत आहे, आणि तुझं जिन्यातूनच ओरडून सांगणं कदाचित त्यांना घाईचं वाटत असेल. दोन्ही शंकांची तपासणी एकाच भेटीत होते.

दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी तुला सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला खाली जा. दुपारी जाऊ नकोस, जेवणानंतर त्या आडव्या होत असतील. स्कार्फ नाही, कानात इअरफोन नाही. बेल वाजव, दार उघडलं की उंबऱ्याबाहेर उजेडात उभी राहा, त्यांच्याकडे तोंड करून 'काकू, पाच मिनिटं बसू का?' असं विचार. आत गेल्यावर खिडकी तुझ्या पाठीमागे येईल अशी बसू नकोस, उजेड तुझ्या चेहऱ्यावर पडू दे. ओरडू नकोस. ओरडलं की चेहरा रागावल्यासारखा दिसतो आणि शब्द आणखी फुटतात. सावकाश, नेहमीच्या आवाजात बोल. 'माझं काही चुकलं का?' असं मोघम विचारू नकोस, त्याला कुणीही 'छे छे' म्हणून मोकळं होतं. नेमकं विचार: 'मी रात्री उशिरा येते तेव्हा जिन्याच्या आवाजाने तुमची झोपमोड होते का? गाडी जरा पुढे लावू का?' नेमक्या प्रश्नाला त्यांना नेमकं उत्तर देता येईल. खटकलेलं काही असेल तर ते इथे बाहेर येईल.

आणि टीव्ही बंद असताना, समोर बसून, मोकळ्या चेहऱ्याने बोलल्यावर काकू पूर्वीसारख्या भरभरून बोलल्या, तर माझी पहिली शंका बळावते. तरीही कानाचा विषय तू काढू नकोस. भाडेकरू मुलीने 'काकू, तुम्हाला ऐकू येत नाही' म्हणणं त्यांना फार लागेल. त्यांचा मुलगा, मुलगी, कुणी जवळचं येत असेल तर त्यांना बाजूला घेऊन टीव्हीच्या आवाजाचं आणि जिन्यातल्या 'हं'चं सांग, निष्कर्ष त्यांच्यावर सोड. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणचाचणी होते, सुई नाही, वेदना नाही. कधी कधी कानात साठलेला मळ एवढंच कारण निघतं आणि काम तिथेच संपतं. तोपर्यंत संध्याकाळी गाडी लावलीस की आधी स्कार्फ सोड, वर ये, बेल वाजव, आणि त्यांनी दार उघडल्यावर समोर उभी राहून बोल.